हॅवलॉकला प्रथमच जाताना: आधी बोट, मग विमान

इंदुरात दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या ओळखीतली दोन-चार कुटुंबे अंदमानची चौकशी करायला घरी येतात. मी तेथे दोनदा जाऊन आलो असल्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आले आहे, आणि प्रश्नही बहुधा तेच असतात: परवाना लागतो का, किती दिवस पुरतील, पोहता येत नसेल तर काय करायचे, शाकाहारी जेवण मिळते का, मोबाइल चालतो का. या लेखात त्या प्रश्नांची उत्तरे नवख्या प्रवाशाला ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने दिली आहेत. सगळा भर हॅवलॉक बेटावर आहे, कारण समुद्राकाठी निवांत चार दिवस काढावेत म्हणून निघालेली कुटुंबे शेवटी तेथेच मुक्काम करतात.

प्रथम नावांचा घोळ मिटवून घ्यावा, कारण तिकिटे काढताना तो नडतो. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक हा १८५७ मध्ये कानपुरात नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध लढलेला इंग्रज सेनानी, त्यामुळे त्याचे नाव पुसले गेल्याचे आपल्याला वाईट वाटायचे कारण नाही. तरी बोलण्यात, पाट्यांवर आणि तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावे सर्रास चालतात, म्हणून शोधताना दोन्ही घालून पाहावीत. या लेखातही लोकांच्या तोंडी असलेली नावेच वापरली आहेत. परवान्याचे उत्तर सोपे आहे. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील येथे जाण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. मात्र बोटीवर, हॉटेलात आणि पाण्यातल्या खेळांच्या नोंदणीला ओळखपत्र मागतात, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचे, मुलांचेसुद्धा, मूळ आधारकार्ड बरोबर असावे.

कधी जावे आणि किती दिवस

नैऋत्य मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याआधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमानात उतरतो आणि सप्टेंबर उलटेपर्यंत हटत नाही. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या वाऱ्यांचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचा काळ येतो. वर्षाकाठी तेथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे इंदुराच्या तिपटीच्या आसपास. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल हा काळ निश्चिंत समजावा. डिसेंबरही चांगला असतो, पण त्यात नाताळची गर्दी असते आणि एखादे उशिरा उठलेले वादळही येऊ शकते. डिसेंबर २०१६ मध्ये असेच झाले होते. समुद्र खवळल्याने बोटी बंद पडल्या, हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि नौदलाची जहाजे पाठवून त्यांना परत आणावे लागले.

दिवसांचा हिशेब करताना इंदुरातून जायचा एक आणि यायचा एक असे दोन दिवस बाजूलाच काढावेत. उरलेल्यांपैकी पोर्ट ब्लेअरला दोन रात्री, एक जाताना आणि एक परतताना, आणि हॅवलॉकला तीन रात्री द्याव्यात; सुट्टी शिल्लक असेल तर नीलला एक. पाच दिवसांत तीन बेटे, गुंफा आणि तुरुंग असा भरगच्च कार्यक्रम विकणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातला निम्मा वेळ धक्क्यांवर बॅगा सांभाळत बसण्यात जातो.

आधी बोट ठरवावी, मग विमान

आपल्याकडची रीत अशी की स्वस्त विमान दिसले की तिकीट काढून टाकायचे, मग हॉटेल पाहायचे आणि बोटीचे तेथे गेल्यावर बघू म्हणायचे. हा क्रम येथे नेमका उलटा करावा लागतो. हॅवलॉकला विमानतळ नाही. पोर्ट ब्लेअरपासून ते सुमारे चाळीस किलोमीटर ईशान्येस आहे आणि सामान्य प्रवाशाला तेथे नेणारे साधन एकच, बोट. बोटींच्या फेऱ्या मोजक्या, बहुतेक सकाळी किंवा दुपारच्या आत सुटणाऱ्या, आणि हंगामात त्या आठवडाभर आधीच भरलेल्या असतात. म्हणून प्रथम बोटीच्या वेळा पाहाव्यात, त्यांच्या आधाराने कोणत्या रात्री कोठे राहायचे ते ठरवावे आणि शेवटी त्याला जुळणारे विमान घ्यावे.

हे शहाणपण मला पदरचे पैसे मोजून मिळाले. पहिल्या खेपेस मी इंदूर ते चेन्नई एका कंपनीचे आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर दुसऱ्या कंपनीचे अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली होती, दुपारी बारा वाजता उतरून दोनची बोट पकडायची होती, आणि कागदावर ते अगदी चोख दिसत होते. इंदुराचे विमान दीड तास उशिरा सुटले. चेन्नईला सामान पट्ट्यावरून उतरवून, बाहेर पडून, पुन्हा आत शिरेपर्यंत दुसऱ्या विमानाची खिडकी बंद झाली होती, आणि दोन तिकिटांचा एकमेकांशी संबंध नसल्यामुळे पुढच्या कंपनीवर आम्हाला दुसऱ्या विमानात बसवण्याचे बंधन नव्हते. विमानाचे पैसे गेले, बोटीचे गेले, हॅवलॉकच्या खोलीचे एका रात्रीचे भाडे गेले, आणि सौ.ने चेन्नईच्या विमानतळावर बाकड्यावर बसून घरून आणलेले मेथीचे पराठे सगळ्यांना वाढताना जे काही ऐकवले ते वेगळेच.

तेव्हा इंदुराहून निघताना दोन गोष्टी पाळाव्यात. येथून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्ली येथे बदलावे लागते, आणि हा बदल एकाच तिकिटावर असला पाहिजे, म्हणजे सामान थेट पुढे जाते आणि उशीर झाल्यास जबाबदारी कंपनीची राहते. वेळा जुळत नसतील तर चेन्नईत किंवा कोलकात्यात रात्र काढून पहाटेचे विमान घ्यावे. तेथून पुढे सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. दुसरी गोष्ट, ज्या दिवशी विमान त्या दिवशी बोट ठेवू नये. पहिला दिवस पोर्ट ब्लेअरलाच घालवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने निघावे. परततानाही हॅवलॉकहून आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊन राहावे. समुद्र खवळला तर बोट रद्द होते आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. पण विमान आपल्यासाठी थांबत नाही.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही जातात, पण त्यांना अडीच-तीन दिवस लागतात आणि नवख्याने लहान मुलांसह हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे.

सरकारी बोट की खासगी

खासगी बोटी वेगवान असतात, दीड ते दोन तासांत पोहोचवतात, आत वातानुकूलित दालन आणि क्रमांकाच्या खुर्च्या असतात. तिकीट महिनाभर आधी घरबसल्या निघते आणि माणशी हजार रुपयांच्या वरच पडते. सरकारी बोटीला दोन ते अडीच तास लागतात आणि तिकीट खूपच स्वस्त असते, पण ते प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुले होते, आणि बेटावरच्या रहिवाशांसाठी ती बोट म्हणजे महाराष्ट्रातल्या एस.टी.सारखी रोजची गरज असल्याने जागा लवकर भरतात. जाताना खासगी बोट घ्यावी, कारण तेव्हा हॉटेलची नोंदणी पुढे उभी असते. येताना हवा शांत असेल आणि तिकीट मिळाले तर सरकारी बोटीचा उघडा डेक अनुभवावा. बंद काचांच्या दालनात बसून समुद्र ओलांडण्यापेक्षा वाऱ्यात उभे राहून उडते मासे पाहत येणे मला तरी अधिक आवडले.

बोट लागते का, हा प्रश्न गाडी लागणाऱ्या माणसाने आवर्जून विचारावा. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. तरीही निघण्यापूर्वी पोटभर तळलेले खाऊ नये. साधी इडली किंवा केळे पुरे. आपल्या डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी घेणार असाल तर ती बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही. खालच्या मजल्यावरची, मधल्या किंवा मागच्या भागातली जागा मागावी आणि मोबाइलमध्ये डोके न घालता क्षितिजाकडे पाहावे. धक्क्यावर सुटण्याच्या वेळेआधी तासभर पोहोचावे, कारण विमानतळासारखीच तेथेही सामान आणि ओळखपत्र यांची तपासणी होते. पोर्ट ब्लेअरला सगळ्या बोटी एकाच धक्क्यावरून सुटत नाहीत. तिकिटावर फिनिक्स बे लिहिले आहे की हॅडो, ते आदल्या रात्रीच पाहून ठेवावे.

घड्याळ आपलेच, सूर्य वेगळा

अंदमानात घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी ती बेटे इंदुराच्या सुमारे सतरा रेखांश पूर्वेला आहेत, आणि एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तेथे तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो. जानेवारीत इंदुरात सात वाजून गेल्यावर उजाडते. हॅवलॉकला पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो, आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास मावळतो. साडेपाचला काळोख. ज्या गावात रात्री दहानंतर सराफ्यात खाण्याची पहिली फेरी सुरू होते, तेथल्या माणसाला हे पचायला दोन दिवस लागतात. आठला उठून, नऊला न्याहारी करून, अकराला किनाऱ्यावर जाणारे कुटुंब दिवसाचा सगळ्यात कडक उन्हाचा भाग पाण्यात काढते, दुपारी झोपते आणि पाचला उठून पाहते तो सूर्य गेलेला. त्याऐवजी पाचला उठावे, साडेसहापर्यंत किनारा गाठावा, दहाला सावलीत यावे आणि दुपारी तीनला पुन्हा बाहेर पडावे. रात्री नऊला बेट बहुतांशी झोपलेले असते, त्यामुळे जेवणही आठच्या आत उरकावे लागते.

सूर्याइतकेच लक्ष भरती-ओहोटीकडे द्यावे लागते. आम्ही विजयनगर किनाऱ्यालगत उतरलो होतो. पहिल्या सकाळी पाणी झाडांच्या वाकलेल्या बुंध्यांना टेकले होते आणि मुलांनी चपला एका मुळावर ठेवून तेथेच डुंबायला सुरुवात केली. दुपारी परत आलो तर तेच पाणी दीडदोनशे पावले मागे हटलेले, मध्ये शेवाळलेले दगड, प्रवाळाचे धारदार तुकडे आणि वाटीएवढ्या डबक्यात अडकलेला बोटभर लांबीचा निळा मासा. वाळूवर रिकामे वाटणारे शंख होते. जरा स्तब्ध उभे राहिले की त्यांतल्या प्रत्येकातून बारीक पाय निघायचे आणि शंख चालू लागायचा. पोहायला म्हणून आलेल्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला मात्र हॉटेलने फसवले असेच वाटले होते, आणि व्यवस्थापकाशी त्यांचा वाद चालला होता. फसवणूक कोणीच केली नव्हती. पूर्वेकडचे किनारे उथळ आहेत आणि भरती व ओहोटी यांच्यात साधारण सहा तासांचे अंतर असते, एवढेच.

यासाठी यंत्रसामग्री काही लागत नाही. घरच्या पंचांगात तिथी पाहावी: अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते, अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज आठला ओहोटी असेल तर उद्या पावणेनऊच्या पुढे धरावी. नेमकी आजची वेळ हॉटेलात किंवा धक्क्यावर कोणालाही विचारली तरी कळते. नील बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल, ज्याला तेथले बंगाली लोक कौतुकाने हावडा ब्रिज म्हणतात, ओहोटीलाच नीट पाहता येतो. भरतीच्या वेळी गेल्यास त्याच्याजवळ पोहोचताच येत नाही. तेव्हा बोटीनंतर दुसरी वेळ जुळवायची असते ती ओहोटीची.

कोणत्या किनाऱ्यावर काय करावे

हॅवलॉकवर १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले, आणि गावांची नावे त्यांच्या वैष्णव परंपरेतून आली: गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. नीलवर रामायण आहे: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. किनाऱ्यांना मात्र क्रमांक आहेत आणि रिक्षावाले तेच वापरतात. एक नंबरला धक्का, तीन नंबरला गोविंदनगरचा बाजार, पाच नंबरला विजयनगर, सात नंबरला राधानगर.

पोहायचे असेल तर सरळ सात नंबर गाठावे. राधानगर धक्क्यापासून बाराएक किलोमीटर, बेटाच्या पश्चिम अंगाला आहे. तळ वाळूचा, उतार बेताचा, दगड जवळपास नाहीत, जीवरक्षक असतात आणि कपडे बदलण्याची सोय आहे. टाइम साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचा गौरव केला होता आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. पश्चिमेला असल्याने सूर्यास्त तेथलाच पाहावा, पण चारच्या आधी पोहोचावे, कारण अंधार पडू लागला की जीवरक्षक शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे. सूर्योदयासाठी उलट पूर्वेकडचा कालापत्थर. तेथे पाण्यात उतरण्यापेक्षा चालत फिरणे चांगले.

एलिफंट बीच हा प्रवाळ पाहण्याचा किनारा. धक्क्यावरून छोटी वेगवान बोट अर्ध्या तासाच्या आत नेते. जंगलातून चालतही जाता येते, पण पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो. ज्याला पोहता येत नाही त्याने येथे जाकीट आणि रबरी कडे घालून मार्गदर्शकाच्या आधाराने तोंड पाण्यात बुडवून पाहावे. कमरेएवढ्या पाण्यातही रंगीत मासे दिसतात. आमच्या सत्तरीच्या आत्यांनी हे केले आणि वर आल्यावर पहिले वाक्य उच्चारले ते, ‘अगं, खाली पण बाजार भरलाय!’ पाय मात्र प्रवाळावर ठेवू नये. तो दगड दिसला तरी जिवंत असतो, आणि १९९८, २०१० व २०१६ मध्ये समुद्र तापल्याने तो मोठ्या प्रमाणात पांढरा पडून गेलेला आहे. आपल्या टाचेची त्यात भर नको.

स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्यासाठी, पोहता आलेच पाहिजे असे नाही. नवख्यांच्या डुबकीत प्रशिक्षक सतत हात धरून असतो, खोली बारा मीटरपेक्षा अधिक नसते आणि वयाची किमान अट बहुधा दहा वर्षांची असते. पण दमा, हृदयविकार, फिट येणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा साधे नाक चोंदलेले असणे यांपैकी काहीही असेल तर ते अर्जावर खरे लिहावे; पैसे भरले आहेत म्हणून लपवू नये. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटून कानांवरचा दाब सोडावा लागतो, आणि तो सुटत नसेल तर हाताने खूण करून तेथेच थांबावे. डुबकीनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, कारण खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब एकदम कमी झाल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. त्यामुळे स्कूबा सहलीच्या पहिल्या अर्ध्यात ठेवावी.

मगरींबद्दल लोक हळू आवाजात विचारतात. होय, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, विशेषतः खाड्या आणि तिवरांच्या भागात, आणि २०१० मध्ये राधानगरलगतच्या भागात मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मृत्यू झाला होता. घाबरून किनारा सोडण्याचे कारण नाही. जेथे पाटी असेल तेथे उतरू नये, जाळी किंवा दोर लावलेल्या हद्दीतच पोहावे, पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर पाण्यात जाऊ नये. त्यापेक्षा नक्की भेटणारा शत्रू म्हणजे सँडफ्लाय. ती डोळ्याला धड दिसत नाही, ओल्या वाळूवर बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना चावते आणि दुसऱ्या दिवशी लाल पुळ्यांची खाज झोपू देत नाही. उघड्या वाळूवर लोळू नये, चटई घ्यावी, पायांना खोबरेल तेल चोपडावे आणि काही झाले तरी खाजवू नये.

जेवण, पैसे, फोन, औषधे

शाकाहारी जेवण मिळते. बंगाली आणि दक्षिणी पद्धतीचे वरण-भात-भाजी गोविंदनगरात सहज मिळते, नीलवर भाजीपाला पिकतो आणि तो हॅवलॉकलाही येतो. मात्र बरेचसे धान्य आणि काही भाज्या मुख्य भूमीवरून जहाजाने येत असल्याने दर चढे असतात आणि आज मिळणारी भाजी उद्या मिळेलच असे नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हॉटेलला आदल्या दिवशी सांगावे. पोहे मिळतील, पण त्यावर आपली सेव आणि जिरावण मसाला मिळणार नाही, तेव्हा छोटी पुडी बरोबर नेणे हा काही बावळटपणा नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांवर तेथे रोख आहे, म्हणून स्टीलच्या बाटल्या न्याव्यात आणि हॉटेलात भरून घ्याव्यात. खाऊची रिकामी पाकिटेही पिशवीत घालून परत आणावीत. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत टाकण्याची सवय लागलेल्या इंदूरकराला हे सांगावे लागू नये, पण किनाऱ्यावर कधीकधी सांगावे लागते.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून फोन आणि इंटरनेट पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहे, तरी हॅवलॉकच्या सगळ्याच भागांत सिग्नल सारखा मिळत नाही. त्यामुळे क्यूआर कोडच्या भरवशावर जाऊ नये. एटीएम मोजकी आहेत आणि कधी रिकामी असतात. चार दिवसांच्या खर्चापुरती रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढावी आणि बोटीची तिकिटे कागदावर छापून न्यावीत. स्कूटर भाड्याने मिळते, परवाना मूळ हवा, आणि हेल्मेट घालावे. रस्ता चांगला असला तरी राधानगरकडे जाताना जंगलातली वळणे आहेत आणि दिवे नाहीत.

हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरचे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, आणि मधे समुद्र. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे संपूर्ण सहलीसाठी आणि वर चार दिवस पुरतील एवढी, तीही हातातल्या पिशवीत ठेवावीत.

पोर्ट ब्लेअरचा तो एक दिवस

येताना ठेवलेला पहिला दिवस वाया जातो असे ज्यांना वाटते त्यांनी तो सेल्युलर जेलला द्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीन आज उभ्या आहेत. गणेश दामोदर अर्थात बाबाराव सावरकर येथे आधीपासून होते आणि ४ जुलै १९११ रोजी विनायक दामोदर सावरकरांना येथे आणण्यात आले. त्यांची कोठडी वरच्या मजल्याच्या टोकाला आहे. दुपारी कोठड्या आणि कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा, पाहून संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला बसावे. त्याचे तिकीट आधी काढावे आणि खेळ हिंदीतला आहे ना ते पाहून घ्यावे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुंफांविषयी हमखास विचारतात. तेथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, वाहने जिरकाटांग येथून ठरलेल्या वेळी पहारा देत रांगेने सोडतात, आणि वाटेत थांबणे, फोटो काढणे किंवा कोणाला खायला देणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. पहाटे तीन-चारला निघून संध्याकाळी परत यावे लागते. आठवड्याच्या सहलीत मी हे टाळावे असे सांगतो, आणि जी मंडळी गुंफांपेक्षा ‘जारवा दिसतात का’ असे विचारतात त्यांना तर जाऊच नका असे स्पष्ट सांगतो.

परतताना

निघण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना मुलांचे खिसे आणि वाळूतली खेळणी नीट तपासावीत. प्रवाळ आणि संरक्षित शंख-शिंपले नेणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगांची तपासणी होते तेव्हा ते यंत्रात स्वच्छ दिसतात. शोभेच्या वस्तू घ्यायच्या असतील तर परवानाधारक दुकानातून घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. दुसऱ्या खेपेस माझ्या भाचीची गुलाबी पाठपिशवी तेथे बाजूला काढली गेली. रक्षकाने तिला अजिबात न रागावता कप्पा उघडायला सांगितला. आत पाण्याच्या बाटलीखाली रुमालात गुंडाळलेला, अंगठ्याएवढा, तपकिरी ठिपक्यांचा शंख होता. तो टेबलावर ठेवला आणि आम्ही कागदावर सही करत असतानाच त्याच्या तोंडातून दोन बारीक पाय बाहेर आले. विजयनगरला उचललेला तो शंख रिकामा नव्हताच. रक्षकाने तो एका पेल्यात ठेवला आणि संध्याकाळी घरी जाताना किनाऱ्यावर सोडतो असे भाचीला सांगितले; तिने चेन्नई येईपर्यंत तीन वेळा विचारले की संध्याकाळ म्हणजे नक्की किती वाजता.